लँकेस्टरच्या यूइंग घराण्याचं दप्तर : कामाच्या नोंदी

5 जानेवारी 2025

आजपासून रीतसर नोंदी ठेवायला सुरुवात. गेलं वर्षभर वाचन विस्कळीत चाललं होतं, आता तक्ता उघडला.

विषय असा: अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावचे वकील थॉमस यूइंग (1789–1871) आणि त्यांचं कुटुंब. मुलगे फिलेमन, ह्यू, धाकटा थॉमस आणि चार्ल्स. चौघांनीही वकिली केली. मुलगी एलन. घरात वाढवलेला पोरका मुलगा विल्यम टेकम्से शर्मन, जो पुढे जावई झाला आणि यादवी युद्धातला नावाजलेला सेनापती झाला. या सगळ्यांनी आयुष्यभर एकमेकांना पत्रं लिहिली आणि बहुतेक जपूनही ठेवली.

मला काय करायचं आहे ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे मध्येच वाट फुटणार नाही. शर्मन म्हटलं की युद्ध, थोरले यूइंग म्हटलं की वॉशिंग्टनचं राजकारण, धाकटा थॉमस म्हटलं की कॅन्सस, अशी या कागदांची वाटणी आपोआप होते. अभ्यासकही आपापला माणूस उचलतात आणि जातात. मूळ पत्रांत मात्र एकाच पानावर खटल्याची तारीख, जमिनीचा हप्ता, नातवाचा ताप आणि सिनेटमधली मतं असतात. घर, वकिलीची पेढी आणि राजकारण यांचा हिशोब एकाच वहीत होता असं माझं मत झालं आहे. ती वही पुन्हा एकत्र लावून पाहायची.

तक्त्याचे रकाने: लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, ठिकाण, तारीख, विषय, आणि कुठे ठेवलेलं आहे ते.

12 जानेवारी

आज फक्त ठावठिकाणे. ‘थॉमस यूइंग फॅमिली पेपर्स’ हा मोठा संग्रह वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. शर्मन कुटुंबाचे कागद इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठाच्या अभिलेखागारात. त्यांतली पुष्कळ पत्रं स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत आणि माझं निम्मं काम त्यांच्या जिवावर चाललं आहे. ह्यूचे कागद इथे कोलंबसमध्येच, ओहायो हिस्ट्री कनेक्शनकडे. धाकट्या थॉमसचे कॅन्ससच्या राज्य ऐतिहासिक संस्थेकडे. म्हणजे एका भावाने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र एका राज्यात आणि त्याचं उत्तर दुसऱ्या राज्यात असू शकतं. जोड्या लावणं हेच मुख्य काम.

19 जानेवारी

थोरल्या थॉमसच्या तरुणपणाचा भाग लावला. त्याची पत्रं कमी आहेत, पण म्हातारपणी त्याने स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यामुळे आधार मिळतो.

जन्म 1789चा, व्हर्जिनियातल्या वेस्ट लिबर्टीजवळचा (ते गाव आता वेस्ट व्हर्जिनियात येतं). कुटुंब ओहायो नदीपलीकडे सरकलं आणि 1798मध्ये एम्स टाउनशिपच्या जंगलात येऊन राहिलं. शाळा नावापुरती. 1804च्या सुमाराला तिथल्या वसाहतवाल्यांनी वाचनालय काढायचं ठरवलं, पण रोख पैसा कुणाकडेच नव्हता. मग रॅकूनची कातडी गोळा केली, ती बॉस्टनला नेऊन विकली आणि त्या पैशांत पुस्तकं आणली. कातड्यांचं वाचनालय म्हणूनच ते आजही ओळखलं जातं. मुलगा असलेल्या थॉमसने आपली दहा कातडी दिली होती. त्यातली काही पुस्तकं अजून जपून ठेवलेली आहेत.

पुढचं शिक्षण त्याने मिठावर केलं. कनावा नदीच्या काठी खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. ते पाणी मोठमोठ्या कढयांत रात्रंदिवस उकळायचं आणि तळाशी उरलेलं मीठ काढायचं. हे काम करून पैसे साठले की तो अथेन्सच्या ओहायो विद्यापीठात जायचा, संपले की परत भट्टीवर. 1815मध्ये त्या विद्यापीठाने पहिल्या दोन बी.ए. पदव्या दिल्या: एक जॉन हंटरला, एक याला. लगेच लँकेस्टरला येऊन फिलेमन बीचर यांच्या कचेरीत कायदा वाचला आणि 1816मध्ये सनद घेतली. थोरल्या मुलाचं नाव फिलेमन आहे, हे बीचर यांच्याकडे पाहूनच ठेवलं असणार.

राजकारणात गेल्यावर विरोधक आणि मित्र दोघंही त्याला ‘मीठ उकळणारा’ म्हणत. हे टोपणनाव प्रचाराच्या कागदांत सापडतं, त्यामुळे विषयसूचीत घातलं.

2 फेब्रुवारी

साताऱ्याला मामांशी बोलले. त्यांनी जन्मभर दिवाणी कामं चालवली आहेत. त्यांना लँकेस्टरच्या घरांचा नकाशा दाखवला. टेकडीवरच्या एकाच रस्त्याला यूइंगांचं विटांचं घर आणि काही घरं सोडून न्यायाधीश चार्ल्स शर्मन यांचं घर. गावातच हेन्री स्टॅनबेरी, जे पुढे अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले. वकील हॉकिंग हंटर तिथलेच. एवढ्याशा गावात इतके नामांकित वकील कसे, असं मी विचारलं.

मामा म्हणाले, “अगं, नवीन वसाहतीत पहिलं भांडण जमिनीचं. मोजणी वाकडी, खरेदीखत कच्चं, एकच तुकडा दोघांना विकलेला. जिथे जमीन नव्याने वाटली जाते तिथे वकील पिकतोच. आणि अशील पैसे कुठून देणार? जमिनीचाच तुकडा देणार.”

हे कागदांशी जुळतं. यूइंगांची मालमत्ता वाढली ती जमीन आणि हॉकिंग खोऱ्यातल्या मिठागरांतून. ज्याने तरुणपणी पगारी मजूर म्हणून मीठ उकळलं, तो पन्नाशीत मिठाच्या विहिरींचा मालक होता. त्या मिठागरांची व्यवस्था जावयाने बघावी म्हणून ते शर्मनच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते आणि शर्मन वर्षानुवर्षं टाळत राहिला. त्याला सासऱ्याच्या सावलीत राहायचं नव्हतं. वरवर व्यवहाराची वाटणारी ही पत्रं मी ‘मिठागर’ आणि ‘सासरा-जावई’ अशा दोन्ही मथळ्यांखाली घातली.

मामांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वकिलाच्या हाताखालून गेलेलं पत्र लगेच ओळखू येतं. उभ्या तीन घड्या घालून बाहेरच्या पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली असते, म्हणजे गठ्ठा बांधला तरी बोटाने चाळता येतो. घरगुती पत्रांवरही यूइंगांनी अशीच नोंद केली आहे. मुलीच्या पत्रावरसुद्धा अशिलाच्या कागदासारखी पट्टी! आमच्याकडच्या जुन्या वकिलांच्या दप्तरात रुमालात बांधलेले गठ्ठे असायचे, त्यात आजोबांच्या लग्नाची यादी आणि कुळकायद्याचे कागद एकत्र निघायचे, असं मामा म्हणाले. मला याचं नवल राहिलं नाही.

रकाना वाढवला: ‘पाठीवरची नोंद’. कुणाच्या अक्षरात आहे तेही लिहायचं, कारण त्यावरून पत्र कुणाच्या हातात गेलं ते कळतं.

9 फेब्रुवारी

टपालाचा मुद्दा. 1845पूर्वी टपालाचा दर पानांच्या संख्येवर आणि अंतरावर असे. चारशे मैलांपलीकडे एका पानाला 25 सेंट. पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याने द्यायचे. पाकीट म्हणजे आणखी एक पान, म्हणून पाकीटच नाही: पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करायचं. कागद वाचवायला लोक पान भरलं की ते आडवं फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. असं जाळीदार पान वाचताना डोळे थकतात. मी एक दिशा पूर्ण उतरवून मगच दुसरी घेते.

पण काँग्रेसच्या सभासदाला टपाल फुकट. 1831 ते 1837 थोरले यूइंग सिनेटर होते, तेव्हा पत्रावर ‘फ्री’ आणि सही एवढं पुरे. त्या वर्षांत वॉशिंग्टन आणि लँकेस्टर यांच्यात एवढा पत्रव्यवहार राहिला यात मायेइतकाच या सवलतीचा हात आहे असं मला वाटतं. नव्या वसाहतीतल्या शेतकऱ्याने 25 सेंटांसाठी दहादा विचार केला असता. कुणाचं दप्तर उरतं आणि कुणाचं उरत नाही याची एक पायरी इथेच आहे.

23 फेब्रुवारी

शर्मन या घरात कसा आला, याची नोंद. न्यायाधीश चार्ल्स शर्मन 1829मध्ये फिरतीच्या कोर्टावर असताना लेबनन गावी अचानक वारले. मागे बायको, अकरा मुलं आणि कर्ज. नातेवाईक आणि स्नेह्यांनी मुलं वाटून घेतली. नऊ वर्षांचा टेकम्से, घरातला ‘कम्प’, यूइंगांकडे गेला. दत्तकविधान वगैरे काही नाही. स्नेह्याचा मुलगा आणला आणि आपल्या मुलांत वाढवला. 1836मध्ये सिनेटर यूइंगांनीच त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जागा मिळवून दिली. 1 मे 1850ला त्याचं एलनशी लग्न झालं ते वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाउसमध्ये. यूइंग तेव्हा मंत्री होते आणि त्या घरात भाड्याने राहत. राष्ट्राध्यक्ष टेलर, सिनेटर वेबस्टर आणि क्ले असे पाहुणे.

बापासारखा सासरा आणि सासऱ्यासारखा बाप. त्याला लिहिलेल्या पत्रांत शर्मनचा सूर नेहमी जरा ताठ असतो; एलनला लिहिताना तोच माणूस मनातलं सगळं ओततो.

2 मार्च

मंत्रिपदाची वर्षं झटकन आटोपली, कारण त्यावर बरंच छापलेलं आहे. 1841मध्ये अर्थमंत्री, राष्ट्राध्यक्ष हॅरिसन महिन्यात वारले, टायलर आले, बँकेच्या विधेयकावर त्यांनी नकाराधिकार वापरला आणि सप्टेंबरात वेबस्टर सोडून सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. 1849मध्ये नव्याने निघालेल्या गृह-अंतर्गत खात्याचे ते पहिले मंत्री. सार्वजनिक जमिनींची कचेरी याच खात्याखाली आली.

त्या कचेरीच्या आयुक्तपदासाठी इलिनॉयचा एक वकील अर्ज करून बसला होता. नुकतीच त्याची काँग्रेसमधली मुदत संपली होती, आणि तो पक्षासाठी राबला होता. यूइंगांनी जून 1849मध्ये ती जागा शिकागोच्या जस्टिन बटरफील्ड यांना दिली. नाकारलेला उमेदवार अब्राहम लिंकन. नंतर त्यांना ऑरेगनचं गव्हर्नरपद देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. ते स्प्रिंगफील्डला परतले आणि पुन्हा कोर्टाच्या फिरतीला लागले.

तेरा वर्षांनी याच यूइंगांना आपल्या मुलीला घेऊन लिंकन यांच्या दारी जावं लागलं. त्या नोंदीशी ही जोडून ठेवली.

16 मार्च

लेव्हनवर्थ, कॅन्सस. मला या दप्तरातला सगळ्यात आवडता भाग.

ह्यू आणि धाकटा थॉमस यांनी मिसूरी नदीकाठच्या या नव्या गावात पेढी थाटली. वडिलांची त्या भागात जमीन होती. शर्मनची सॅन फ्रान्सिस्कोतली बँक बंद पडलेली, हातात काम नाही. 1858च्या शरदात तो इथे आला. त्याने कायदा शिकलेला नव्हता. न्यायाधीश लकॉम्प्ट यांच्याकडे सनदेसाठी गेला, परीक्षा कसली द्यायची विचारलं, तर सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या आधारावर सनद मिळून गेली! त्यानेच आपल्या आठवणींत हे लिहिलं आहे. पुढे डॅनियल मॅकुक भागीदार झाला आणि पाटी लागली: ‘शर्मन, यूइंग अँड मॅकुक’.

कामाची वाटणी पत्रांतून स्पष्ट दिसते. कोर्टात उभं राहणं थॉमस आणि मॅकुककडे. वसुली, हिशोब, दलाली, जमिनीची देखभाल शर्मनकडे. त्याला कोर्टाचं काम मानवलं नाही. लवकरच तो लेव्हनवर्थच्या पश्चिमेला सासऱ्यांच्याच जमिनीवर शेत उभं करायला गेला, आणि 1859च्या अखेरीस लुइझियानातल्या लष्करी शाळेचा प्रमुख झाला.

या एका पेढीतले ह्यू, थॉमस, मॅकुक आणि शर्मन हे चौघेही युद्धात जनरल झाले. मॅकुकला जीवघेणी जखम झाली ती 27 जून 1864च्या केनेसॉ डोंगरावरच्या हल्ल्यात. तो हल्ला शर्मनच्या आज्ञेने झाला होता. जुन्या भागीदारीचे हिशोब वाचताना हे विसरता येत नाही.

30 मार्च

कॅन्ससच सुरू आहे. दोन प्रकरणं शेजारी शेजारी लावली, कारण ती एकाच माणसाची आहेत आणि एकाच काळातली.

पहिलं मेणबत्तीच्या खोक्याचं. जानेवारी 1858मध्ये लकॉम्प्टन घटनेखाली (म्हणजे कॅन्ससमध्ये गुलामगिरी मान्य करणाऱ्या वादग्रस्त राज्यघटनेखाली) निवडणूक झाली. गुलामगिरी ठेवू पाहणारा पक्ष आणि ती नको असलेला पक्ष समोरासमोर. डेलावेअर क्रॉसिंग नावाच्या मतदानकेंद्रावरून जे कागद आले त्यांत बनावट नावांची रास होती. चौकशी मंडळ नेमलं गेलं, धाकटा थॉमस त्यात होता. मूळ कागद मिसूरीला पाठवले, असं कारकून सांगत होता. प्रत्यक्षात लकॉम्प्टनला कचेरीच्या आवारात लाकडांच्या ढिगाखाली मेणबत्त्यांचं खोकं पुरलेलं निघालं आणि ते कागद त्यात होते. शेरीफ सॅम्युएल वॉकर याने ते उकरून काढलं. तिशीही न गाठलेल्या वकिलाचं नाव यामुळे झालं. 1861मध्ये कॅन्सस राज्य झालं तेव्हा तो तिथला पहिला सरन्यायाधीश होता.

दुसरं डेलावेअर या आदिवासी लोकांच्या जमिनीचं. पूर्वेकडून हाकलत हाकलत या जमातीला कॅन्ससमध्ये आणलं होतं. 1860च्या तहाने त्यांची उरलेली जमीन ‘लेव्हनवर्थ, पॉनी अँड वेस्टर्न’ या रेल्वे कंपनीला विकत घेण्याचा हक्क दिला: दोन लाख एकरांहून जास्त, एकरी सव्वा डॉलरच्या किमान भावाने. ती रेल्वे तेव्हा कागदावरच होती. कंपनीसाठी वॉशिंग्टनला खटपट करणाऱ्यांत धाकटा थॉमस पुढे होता, आणि 1862च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यात या कंपनीला जागा मिळाली. वडिलांच्या ओळखीही त्यात वापरल्या गेल्या.

मताच्या कागदासाठी लाकडाचा ढीग उपसायला लावणारा माणूस डेलावेअरांच्या जमिनीच्या सौद्यात असा वागला, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी इथे लिहून ठेवते. त्याच्या पत्रांत ती जमीन म्हणजे एकर, हप्ते आणि रोखे. ज्यांची ती होती त्यांच्या सह्या तहाच्या शेवटच्या पानावर फुल्यांच्या रूपात आहेत, आणि तो तह या घराण्याच्या दप्तरात नाहीच, सरकारी कागदांत आहे.

म्हणून तक्त्यात नवा रकाना: ‘ज्यांच्याविषयी’. पत्र कुणी कुणाला लिहिलं याबरोबर त्यात कुणाचं नशीब ठरत होतं, तेही यायला हवं.

13 एप्रिल

डिसेंबर 1861 ते फेब्रुवारी 1862. या तीन महिन्यांवर बरेच दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते.

आधी घटनाक्रम. ऑक्टोबर 1861मध्ये शर्मन केंटकीत सेनाप्रमुख होता. युद्धमंत्री कॅमरन लुइव्हिलला आले तेव्हा त्याने सांगितलं की आत्ता बचावाला साठ हजार आणि पुढे चढाईला दोन लाख माणसं लागतील. ऐकणाऱ्यांना हा भ्रम वाटला. (युद्ध संपेपर्यंत त्याचा अंदाज खराच ठरला.) बातमी वर्तमानपत्रांत फुटली. त्याला झोप नाही, जेवण नाही. नोव्हेंबरात त्याला केंटकीतून काढून मिसूरीला जनरल हॅलेक यांच्या हाताखाली दिलं, हॅलेक यांनी रजेवर लँकेस्टरला धाडलं. आणि 11 डिसेंबरला सिनसिनाटीच्या ‘कमर्शियल’ या पत्राने छापलं की जनरल शर्मन वेडा झाला आहे.

त्या वेळी लँकेस्टरच्या घरात जे घडलं ते एखाद्या पेढीने अशिलाचा खटला घ्यावा तसं घडलं. फिलेमनने दोन दिवसांत खोट्या विधानांना मुद्देसूद उत्तर लिहून त्याच वर्तमानपत्रात छापून आणलं. थोरल्या यूइंगांनी वॉशिंग्टनमधल्या ओळखी हलवल्या. शर्मनचा सख्खा भाऊ जॉन सिनेटर होता, त्यालाही जोडून घेतलं.

पण या सगळ्याची सूत्रं एलनकडे होती. तिची या काळातली पत्रं तारखेने लावली की दिसतं. नवऱ्याला रोज धीर देणारं पत्र. जॉनला वेगळं, जास्त स्पष्ट. त्यात तिने नवऱ्याच्या घराण्यात चालत आलेल्या उदासीचीही भीती बोलून दाखवली. आणि जानेवारी 1862मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र. हे पत्र लिंकन यांच्या कागदांत आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. विनवणी आहे, पण बांधणी पक्की कैफियतीची: केंटकीत काय परिस्थिती होती, माणसं किती कमी होती, मागण्या कुणी दुर्लक्षिल्या, बदनामीत कुणाचा हात आहे, आणि शेवटी मागणी, की माझ्या नवऱ्याला त्याच्या शत्रूंपासून वाचवा. वकिलांच्या घरात वाढलेल्या मुलीला सनद कुणी दिली नसती, पण मसुदा तिला येत होता.

उत्तराची वाट बघत ती बसली नाही. जानेवारीअखेर बापलेक वॉशिंग्टनला गेले आणि लिंकन यांना भेटले. ज्याला यूइंगांनी तेरा वर्षांपूर्वी जागा नाकारली होती त्याने त्यांचं नीट ऐकून घेतलं आणि शर्मनबद्दल विश्वास दाखवला. शर्मन हळूहळू कामावर रुळला, एप्रिलमध्ये शायलोला लढला, आणि वेडाची गोष्ट मागे पडली.

शर्मनच्या चरित्रांत हा प्रसंग असतोच. पण तो ‘शर्मनचं संकट’ म्हणून असतो. माझ्या तक्त्यात त्याचं नाव ‘घराने चालवलेला खटला’.

पद्धतीची नोंद: एलनच्या बऱ्याच पत्रांवर नुसतं ‘रविवार रात्र’ किंवा ‘गुरुवार’ असतं. मी आधी वाराची जुनी दिनदर्शिका लावते (1 जानेवारी 1862 बुधवार), मग पत्रातल्या आजारपणावरून, पाहुण्यांवरून आठवडा ठरवते. ‘या महिन्याची’ आणि ‘गेल्या महिन्याची’ यांसाठी वकिली लघुरूपं ती सर्रास वापरते. ठरवलेली तारीख नेहमी चौकटी कंसात.

27 एप्रिल

धाकटा थॉमस, 1863 आणि 1865.

ऑगस्ट 1863मध्ये तो कॅन्सस-मिसूरी सीमेवरच्या जिल्ह्याचा लष्करी प्रमुख होता. त्याच्या हुकमाने, दक्षिणेच्या बाजूने गनिमी लढाया करणाऱ्यांच्या नात्यातल्या बायकांना कॅन्सस सिटीत एका इमारतीत डांबलं होतं. महिन्याच्या मध्यावर ती इमारत कोसळली, काही बायका मेल्या. 21 तारखेला अशाच गनिमी लढवय्यांच्या क्वांट्रिलच्या टोळीने कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव जाळलं, दीडशेहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले. चार दिवसांनी, 25 तारखेला, थॉमसने हुकूम क्रमांक 11 काढला: मिसूरीतल्या जॅक्सन, कॅस, बेट्स या काउंट्या (जिल्हे) आणि व्हर्नन काउंटीचा काही भाग इथल्या ग्रामीण रहिवाशांनी पंधरा दिवसांत घरं सोडायची. लष्करी ठाण्यांजवळची मोजकी गावं वगळली होती. सुमारे वीस हजार माणसं बाहेर पडली. मागे जाळपोळीत धुराडीच तेवढी उभी राहिली. चित्रकार जॉर्ज कॅलेब बिंगहॅम यांनी यावर मोठं चित्र काढलं आणि थॉमसचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही.

दोन वर्षांनी हाच माणूस वॉशिंग्टनमध्ये लिंकन-हत्येच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभा राहिला: डॉक्टर सॅम्युएल मड, सॅम्युएल आर्नल्ड आणि एडमन स्पँग्लर. सगळं शहर सूडाच्या मनःस्थितीत, न्यायासनावर लष्करी अधिकारी. त्याचा मुख्य मुद्दा असा की नेहमीची नागरी कोर्टं उघडी असताना नागरिकांना लष्करी आयोगापुढे उभं करताच येत नाही. तो फेटाळला गेला. पण तिघांपैकी कुणालाही फाशी झाली नाही. मड आणि आर्नल्डला जन्मठेप, स्पँग्लरला सहा वर्षं. 1866च्या मिलिगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरलं.

मामांना दोन्ही वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिला हुकूम काढताना त्याला समोरून कुणी वकील नव्हता.”

मला हे पटतं. 1865ची बाजू त्याने जिवावर उदार होऊन लढवली, याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी खरा आदर आहे. पण त्या आदराने 1863 झाकलं जाऊ नये. दोन्ही नोंदींत एकमेकींचा क्रमांक घातला. ‘ज्यांच्याविषयी’ या रकान्यात चार काउंट्यांची नावं लिहिली. त्या माणसांचे अर्ज आणि नुकसानीचे दावे मिसूरीच्या बाजूला शोधायचे.

11 मे

मराया बॉयल यूइंग, म्हणजे थोरल्या यूइंगांची बायको, आणि एलन यांची पत्रं एकत्र लावून झाली. पक्क्या कॅथलिक घरची मराया. नवरा कुठल्याच चर्चचा नव्हता, शेवटच्या वर्षांत मात्र कॅथलिक झाला. मुलं कुठे शिकणार, जावई चर्चमध्ये मास या प्रार्थनेला गेला का, नात मिनी कुणाकडे राहणार (ती कॅलिफोर्नियाच्या वर्षांत आजीआजोबांकडेच होती) हे सगळं बायकांच्या पत्रांत ठरतं, आणि पुरुषांच्या नोकऱ्यांचे निर्णय त्याच्या मागून येतात.

1863च्या ऑक्टोबरात एलनचा नऊ वर्षांचा विली मेंफिसला टायफॉइडने गेला. फेब्रुवारी 1864मध्ये आई गेली. त्याच वर्षी ती मुलांना घेऊन इंडियानात साउथ बेंडला राहायला गेली, शाळा नोटर डेममध्ये. तिथे डिसेंबरात तान्हा चार्ल्स गेला, ज्याला बापाने कधी पाहिलंच नाही. तेव्हा शर्मन जॉर्जियातून समुद्राकडे निघालेला. या काळातल्या पत्रांना मी विषयाचा मथळा दिलेला नाही. फक्त तारीख आणि ठिकाण.

18 मे

पुढची कामं:

चार्ल्स यूइंगचा भाग हातात घ्यायचा. 1874पासून तो वॉशिंग्टनमध्ये आदिवासींमधल्या कॅथलिक मिशनांचा आयुक्त होता. डेलावेअर जमिनीच्या नोंदींशी त्याचा धागा लावून पाहायचा आहे: एका भावाने जमातीची जमीन रेल्वेला मिळवून दिली, दुसऱ्याने जमातींच्या शाळांसाठी सरकारदरबारी वकिली केली, आणि दोघंही एकमेकांना लिहीत होते.

स्टॅनबेरी आणि थोरले यूइंग यांचा 1868चा पत्रव्यवहार बाकी आहे. स्टँटनच्या जागी युद्धमंत्री म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी यूइंगांचं नाव पाठवलं होतं, सिनेटने ते विचारातच घेतलं नाही; त्याच सुमारास महाभियोगात जॉन्सन यांची बाजू मांडायला स्टॅनबेरी उभे राहिले. लँकेस्टरच्या एकाच गावातली ही दोन माणसं.

मिसूरीच्या दाव्यांसाठी दोन अभिलेखागारांना पत्रं गेली. उत्तर आलं की हुकूम 11च्या नोंदीपासून पुढे सुरू.